पाच-तीन-दोन आणि इन्साफ

पत्त्यांचा विषय निघाला की आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांचे काही चुकत नाही. पत्त्यांमागे पैसा आला की जुगार आला, आणि जुगाराने बसलेली घरे प्रत्येक गावाने पाहिली आहेत. म्हणून आधीच सांगून टाकतो की या लेखात पैशाचा डाव नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी ओसरीवर चटई टाकून मुले जो खेळ खेळतात, तेवढाच इथे आहे. त्या खेळाच्या निमित्ताने एक जुना प्रश्न वाचकांपुढे ठेवायचा आहे. खेळातल्या बाजू मुळातच सारख्या नसतील, तर इन्साफ कशाला म्हणायचे?

हा प्रश्न हल्ली नव्या रूपात येतो. शिरूर अनंतपाळसारख्या लहान तालुक्याच्या गावीही आता घरोघरी मोबाइल आहे. फोनवरच्या पत्त्यांच्या खेळांत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर नसतात. पाच-सहा गट असतात. प्रत्येक गटाची फौज वेगळी आणि लढण्याची रीत वेगळी. आपण एक गट निवडायचा आणि दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी खेळायचे. आमच्या शाळेतला आठवीचा एक मुलगा मधल्या सुट्टीत वैतागून म्हणाला, "सर, वो गुट लेको कोई बी जीत जाता. हमारा गुट लेको हुशार बी हारता." शेजारचा लगेच म्हणाला, "तो तू बी वोच ले ना!"

या दोन वाक्यांत सगळा वाद आलेला आहे. "तूही तोच गट घे" हा सल्ला वाईट मनाने दिलेला नसतो. व्यवहारी माणूस असाच सल्ला देतो. पण सगळ्यांनी तो ऐकला तर काय होईल? सहा गटांच्या खेळात एकच गट उरेल, बाकीचे पाच नावापुरते राहतील, आणि खेळ ज्या विविधतेसाठी आवडला होता ती विविधताच संपेल. शिवाय ज्यांना गट बदलणे शक्य नाही, ते तिथेच मागे राहतील. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडच्या पालकांना हाच सल्ला रोज मिळतो : "इंग्रजी शाळेत घाला की!" ज्यांची ऐपत आहे ते घालतात. ज्यांची नाही, त्यांच्या मुलांचा डाव होता तसाच राहतो. सल्ला ऐकणाऱ्याचे कदाचित भले होते. नियम मात्र होता तिथेच राहतो.

खेळ तयार करणाऱ्यांनाही या अडचणीला तोंड द्यावे लागले आहे. रिचर्ड गारफील्ड यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत आला. त्यात पाच रंग आहेत आणि खेळाडू आपापला संच स्वतः जमवतो. थोड्याच दिवसांत लक्षात आले की काही पाने इतकी जबर आहेत की ती ज्याच्याजवळ तो जिंकणारच. तेव्हा १९९४ च्या सुरुवातीलाच स्पर्धांसाठी बंदी घातलेल्या आणि मर्यादित केलेल्या पानांची यादी निघाली. अशा याद्या आजही निघतात. पोलंडमधील एका कंपनीच्या 'ग्वेंट' या सहा गटांच्या खेळात तर २०२३ पासून कोणत्या पानाची ताकद वाढवायची आणि कोणत्याची घटवायची, हे खेळाडूच मतदानाने ठरवतात.

बंदीने एक गोष्ट साधते. डोईजड झालेला खाली येतो. पण जो आधीपासूनच खाली आहे त्याला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न उरतोच. मतदानाचे दुखणे निराळे आहे. मतदान करणारा स्वतः कुठल्या तरी गटाचा असतो. ज्याच्या गटाला पाठीराखे जास्त, त्याच्या बाजूने मते जास्त. लहान गटाचे दुःख खरे असले तरी मोजणीत ते लहानच ठरते. आपल्या देशात राहणाऱ्या वाचकाला हे अधिक सोडवून सांगण्याची गरज नाही.

दुसरा मार्ग सगळ्यांचा हात सारखा करण्याचा. ब्रिजच्या स्पर्धांत एक सुंदर युक्ती वापरतात. एका टेबलावर जी पाने वाटली गेली, तीच पाने जशीच्या तशी दुसऱ्या टेबलांवर नेतात. मग तुमची तुलना तुमच्या समोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी होत नाही. दुसऱ्या टेबलावर नेमका तुमचाच हात ज्याने खेळला, त्याच्याशी होते. वाईट पाने आली म्हणून तुम्ही हरत नाही. त्याच वाईट पानांत दुसऱ्याने जे केले त्यापेक्षा कमी केले, तर हरता. निकाल लावताना आधी हात पाहावा, ही शिकवण मोलाची आहे. पण या युक्तीला पाने तशीच्या तशी दुसरीकडे नेता यावी लागतात. आयुष्यात तशी सोय नसते.

म्हणून आम्ही पुन्हा ओसरीवरच्या चटईकडे येतो. आपल्याकडची मुले पिढ्यान्‌पिढ्या पाच-तीन-दोन खेळत आली आहेत. हा खेळ तिघांचा. पाने तीस : चारही रंगांतली अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस, आणि इस्पिक व बदाम यांच्या दोन सत्त्या. प्रत्येकाला दहा पाने, म्हणजे एकूण हात दहा. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन आणि वाटणाऱ्याने दोन. पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलण्याचा अधिकार पाचवाल्याचा. पुढच्या डावात वाटप पुढे सरकते आणि तिघांच्या जागा बदलतात. घरोघरी नियमांत थोडा फरक असतो, गाभा हाच.

या खेळातल्या बाजू उघडउघड असमान आहेत. एकाच्या हाती हुकूम आहे, दुसऱ्यांच्या हाती नाही. तरीही आठ वर्षांचे पोरसुद्धा त्याला अन्याय म्हणत नाही. याची आम्हांला दोन कारणे दिसतात. पहिले असे की ज्याला हुकूम दिला, त्याच्यावर बोजाही सर्वांत मोठा टाकला. हुकूम बोलणाऱ्याने चार हात केले तर तो हरला; वाटणाऱ्याने तीन केले तर तो जिंकला. सत्ता आणि जबाबदारी एकाच पानावर लिहिलेल्या आहेत. दुसरे असे की पाळी फिरते. आज दोनवर बसलेला दोन डावांच्या आत पाचवर बसणार, हे तिघांनाही ठाऊक असते. म्हणून दोनवाला कुढत नाही आणि पाचवाला माजत नाही. विषमता सोसवते ती या दोन गोष्टींमुळे. यांतली एक जरी काढली, तर त्याच चटईवर भांडण होईल.

याच खेळात एक कठोर नियमही आहे. हात एकूण दहाच असल्यामुळे एकाचा एक हात वाढला की दुसऱ्याचा एक कमी झालेला असतो. ज्याचे जास्त झाले, तो पुढच्या डावात कमी पडलेल्याच्या हातातून न पाहता तितकी पाने ओढतो आणि आपल्याला नको असलेली पाने त्याला परत देतो. म्हणजे जो हरला, त्याचा पुढचा हातही हलका होतो. एक्का जातो आणि अठ्ठी येते. लहानपणी ज्याच्या हातातून पान ओढले गेले असेल, त्याला बोटांची ती पकड आठवत असेल.

मुलांना आणखी एक गोष्ट खेळता खेळता कळते. हुकूम पाचवाल्याचा असल्यामुळे तीनवाला आणि दोनवाला न बोलता एक होऊ शकतात. सुरुवातीला होतातही. पण तीनवाल्याचे तीन हात पुरे झाले की त्याला चौथ्याची हाव सुटते, आणि तो चौथा हात बलवानाकडून काढण्यापेक्षा दुबळ्याकडून काढणे सोपे असते. एकी तिथे मोडते. दुबळ्यांची एकजूट का टिकत नाही यावर मोठी मोठी भाषणे होतात; चटईवरच्या पोरांना ते तिसऱ्या डावात उमगते.

तरीही या कठोर नियमाला एक मर्यादा आहे. कर्ज एका डावाचे असते. पाने ओढून झाली की हिशेब मिटला. त्यावर व्याज चढत नाही आणि खेळ संपवून उठलेल्या माणसाचे देणे त्याच्या मुलाकडून कोणी मागत नाही. खेळ आणि संसार यांत फरक पडतो तो इथे. संसारात आजोबांच्या डावात कमी पडलेले हात नातवाच्या पानांतून ओढले जातात. ज्या आजोबांची जमीन सुटली, त्यांचा नातू मोंढ्यात हमाली करतो आणि पणतू पाचवीत शाळा सोडतो. ज्या जागेवर तो बसला आहे ती फिरत नाही. तो जन्मभर वाटत राहतो आणि हुकूम दुसरे कोणीतरी बोलत राहते.

अशा वेळी कोणी म्हणतो, त्यांची बाजूच कमजोर, त्याला कोण काय करणार! या 'कमजोर' शब्दाविषयी आम्हांला गंजिफा आठवतो. हा गोल पानांचा खेळ मोगलांबरोबर आपल्याकडे रुजला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे या खेळाने इथलेच कपडे घातले आणि दशावतारी गंजिफा तयार झाला. तो आजही सावंतवाडीत हाताने रंगवला जातो. भोसले राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी मरू घातलेली ही कला सावरली. मोगली गंजिफात रंग आठ आणि पाने शहाण्णव. त्यांतल्या चार रंगांना बेशबर म्हणजे जबर म्हणत आणि चारांना कमबर म्हणजे कमजोर. मौज अशी की कमजोर रंगांत पाने कमी नसतात. मीर आणि वजीर त्यांच्यातही असतात. फरक एवढाच की जबर रंगात वजिरानंतर दश्शी मोठी आणि एक्की सर्वांत लहान. कमजोर रंगात वजिरानंतर एक्की मोठी आणि दश्शी सर्वांत लहान. नाव कमजोर पडले, पण ताकद तेवढीच आहे. मोजणी दुसऱ्या टोकापासून होते, इतकेच. ज्याला हे ठाऊक नाही, तो हातात आलेली एक्की कचरा समजून फेकून देईल.

आमच्या वर्गातल्या चौदा वर्षांच्या मुलीकडे पाहा. ती घरी दखनी बोलते, शाळेत उर्दू लिहिते, तहसील कचेरीत आईचा अर्ज मराठीत भरते आणि विज्ञानाच्या संज्ञा इंग्रजीत पाठ करते. इंग्रजीच्या टोकाने मोजले तर ती कच्ची ठरते. दुसऱ्या टोकाने मोजले तर चार भाषांत वावरणारी मुलगी आहे. पण अशा गोड शब्दांवर कोणाचे पोट भरत नाही, मोजणीचे टोक प्रत्यक्षात बदलावे लागते. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०१८ पासून उर्दूतूनही देता येऊ लागली, हे त्याचे उदाहरण आहे. त्यासाठी आधी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. या बदलाने उर्दूच्या मुलाला एकही गुण जास्तीचा मिळाला नाही. प्रश्न तेच, उत्तरे तीच, गुणही तेच. फक्त त्याची एक्की एक्की म्हणून मोजली गेली.

मोजणी नीट करूनही बाजू खरोखरच कमी पडत असेल तर? तिथे शतरंजकडे पाहावे. नवव्या-दहाव्या शतकांत बगदादच्या दरबारात अल-अदली आणि अस-सूली यांच्यासारखे नामांकित खेळाडू होऊन गेले. त्यांनी या खेळावर ग्रंथ लिहिले. त्या काळी खेळाडूंच्या पाच श्रेणी मानत. वरच्या श्रेणीचा खेळाडू खालच्याशी बसला की खेळण्याआधीच तो आपले एखादे प्यादे किंवा मोहरा पटावरून उचलून ठेवी. श्रेणीत अंतर जितके जास्त, तितका मोहरा मोठा. यातल्या तीन गोष्टी आम्हांला महत्त्वाच्या वाटतात. सवलत सर्वांदेखत होती, पाठीमागून गुपचूप सरकवलेली नव्हती. ती खैरात नव्हती, खेळ खेळण्याजोगा व्हावा यासाठीची अट होती. बरोबरीचा सामना झाला नाही तर वरच्या खेळाडूलाही खेळण्यात गोडी कसली? आणि खालचा खेळाडू वर चढला की सवलत आपोआप आटत असे. सवलतीने माणूस आळशी होतो म्हणणाऱ्यांनी या पटाकडे पाहावे. घोडा मिळाला तरी चाल स्वतःलाच सुचावी लागते.

मराठी शाळेत शिकवणारे आमचे एक मित्र या सगळ्यावर म्हणाले, "सर, नियम सगळ्यांना एकच पाहिजे. तोच खरा न्याय." आम्ही त्यांना आपल्याच मुलखातली गोष्ट सांगितली. वैद्यकीय प्रवेशासाठी आपल्या राज्यात सत्तर-तीसचे सूत्र होते. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि तीस टक्के सगळ्या राज्याला. मराठवाड्यात महाविद्यालये कमी आणि लातूरच्या शिकवण्यांमुळे गुणवान मुले पुष्कळ. परिणाम असा व्हायचा की इथल्या मुलाला जितक्या गुणांवर प्रवेश नाकारला जाई, त्याहून कमी गुणांवर दुसऱ्या विभागात तो मिळे. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. आपण मराठवाड्यातल्यांनी आनंद केला आणि दुसऱ्या विभागांतून विरोध झाला. त्या वेळी आपण "एकच नियम लावा" म्हणत होतो. पण सिंचनाचा आणि रस्त्यांचा अनुशेष निघाला, १९८४ च्या दांडेकर समितीचा अहवाल निघाला, की आपणच म्हणतो, "आम्हांला वेगळा वाटा द्या." दोन्ही मागण्या न्याय्य आहेत असे आम्हांला वाटते. पण त्या न्याय्य का आहेत, हे आपण आपल्या जागेवरून ठरवतो की न्यायावरून, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

मित्र हसले आणि म्हणाले, "मग ठरवायचे कोणी?"

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याचे एक उत्तर दिले आहे. समाजाचे नियम करताना आपण कोणत्या घरी, कोणत्या जातीत, किती ऐपतीत जन्मणार हे आपल्याला ठाऊकच नाही असे समजा, आणि मग नियम करा. पाच-तीन-दोन खेळणारी पोरे हेच करतात. आधी नियम ठरतात, मग पान काढून कोण वाटणार ते ठरते. एखादा हुशार पोरगा पाने हातात आल्यावर म्हणू लागला, "आज सत्त्या नक्को," तर बाकीचे दोघे त्याला उठवतात. आपली पाने पाहून झाल्यावर जो नियम सुचतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये, एवढी अक्कल त्यांना असते.

मित्रांचा दुसरा आक्षेप अधिक अवघड होता. ते म्हणाले, "मग ज्याने मेहनतीने मिळवले, त्याची किंमत काय?" त्याची किंमत आहे. चांगल्या पानांनीही हरणारे पुष्कळ असतात. पण मोजमाप पुन्हा चटईवरचेच घ्यावे. पाचवाल्याने पाच हात केले, तर त्याने आपले देणे फेडले. शाबासकी सहाव्या हातापासून सुरू होते. दोनवाल्याने चार केले, तर त्याने चारच केले असे म्हणू नये. साहेबाच्या मुलाला शिकवणी, वेगळी खोली आणि विचारायला जाणती माणसे घरात असताना नव्वद टक्के मिळाले, तर ते चांगलेच आहे. हमालाच्या घरातल्या मुलीने धाकट्या भावंडांना सांभाळून, भाकऱ्या थापून साठ टक्के मिळवले, तर आकडा लहान दिसतो. पण कोणाचे किती हात जास्तीचे झाले, ते मोजून पाहावे.

आणि दोनवाल्याची जबाबदारी? ती आहेच. पाने वाईट आली म्हणून दोन हातही न करणे त्याला माफ नाही. आमच्या मुलांना आम्ही हे रोज सांगतो. बाजू कमजोर आहे ही तक्रार खरी असू शकते, पण ती खेळ सोडण्याची सबब होऊ शकत नाही. नियम बदलण्याची मागणी खेळत राहणाऱ्याच्या तोंडी शोभते. ज्याने पानेच फेकून दिली, त्याचे खरे दुःखही लोक रडगाणे समजतात.

शिक्षकाच्या हातात फार काही नसते. अभ्यासक्रम वरून येतो, परीक्षा वरून येते. पण वर्गापुरती पाळी फिरवणे त्याच्या हातात असते. शाळाशाळांतून दिसते की मॉनिटर तोच, प्रार्थना सांगणारी तीच, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला जाणारा तोच. पाचची जागा चार-पाच मुलांच्या नावे लिहिलेली असते आणि मागच्या बाकावरचे वर्षभर वाटत राहतात. आम्ही आमच्या वर्गात दर महिन्याला कामे बदलतो. वाचनपेटीच्या किल्ल्या, हजेरी, फळ्यावरचा सुविचार, सगळे फिरते. ज्याच्याकडे किल्ली आली, त्याच्याकडे हरवलेल्या पुस्तकाचा जाबही आला. काहींचे पाच होत नाहीत. पण वर्षभर तोंड न उघडलेली एखादी मुलगी किल्ली हाती येताच पुस्तके मोजू लागते, न आणणाऱ्याला दटावू लागते. तिची पाने पहिल्यापासून तीच होती. हुकूम बोलायला तिला कोणी सांगितले नव्हते.

वर्गाबाहेर पाळी आपोआप फिरत नाही. पाचवर बसलेला सहसा स्वतःहून उठत नाही आणि उठला तरी जागा मुलासाठी राखून ठेवतो. म्हणून सगळ्यांचे हात सारखे आहेत काय, एवढे विचारून आमचे समाधान होत नाही. हात कधीच सारखे नसतात आणि बहुधा असणारही नाहीत. हुकूम कोण बोलतो, त्याच्यावर बोजा किती आहे, आणि ही जागा फिरते की नाही, हे तीन प्रश्न आम्हांला महत्त्वाचे वाटतात. पंचायतीत, शाळा समितीत, मशिदीच्या कमिटीत, आपल्या स्वतःच्या घरातसुद्धा ते विचारून पाहावेत. घरातले उत्तर सर्वांत आधी तपासावे. किती घरांत मुलगी जन्मभर वाटतच राहते!